नुसतं अलॅनिन

२३ जुलै २०२३, रविवार. सोनई.
धोंड्याचं जेवण झालं. अधिक महिना तीन वर्षांनी येतो, त्यात जावयाला देवासारखं बसवायचं असतं. सासूबाईंना जावई दोन. एक मी, दुसरा माझा साडू रविराज, धंद्याने गुरांचा डॉक्टर. पाट दोन, समया दोन, अनारशांची ताटं दोन. इथवर सगळं समान. मग सासूबाई वाढायला आल्या. (साळूबाई. अंग थकलंय, जीभ नाही.) रविराजला म्हणाल्या, "डाक्टर, अजून येक धोंडा घ्या की, लाजता काय?" मला म्हणाल्या, "मास्तर, त्यो तांब्या सरकवा हिकडं."

मी मास्तर नाही. श्रीरामपूरच्या सीनियर कॉलेजात रसायनशास्त्राचा विभागप्रमुख आहे. म्हशीच्या मागून खांद्यापर्यंत हात घालणारा डॉक्टर, आणि जीवनाच्या मुळात हात घालणारा मास्तर! परत येताना बायकोला हे बोललो. (ज्ञानेश्वरी, झेडपीच्या शाळेत शिकवते.) ती म्हणाली, मास्तर असण्यात वाईट काय, मीपण मास्तरीणच आहे. मुद्दा कळला नाही तिला.

निश्चय: पुढचा अधिक महिना यायच्या आत डॉक्टर. मग बघू तांब्या कोण सरकवतो.

२४ जुलै.
पुण्याहून गाईड सरांचा फोन. पीएचडीला आता मुदतवाढ नाही. ३१ डिसेंबरपर्यंत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. मी म्हणालो, सर, इतकी वर्षं थांबलात, पाच महिने काय. ते म्हणाले, इतकी वर्षं थांबलो म्हणूनच सांगतोय. सर अलीकडे चिडचिडे झालेत.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

२५ जुलै.
पावणेआठला उठलो. पण विचार पाचपासून चालू होता, झोपेत.

२७ जुलै.
विषय एकदा सोप्या शब्दांत लिहून ठेवतो. सत्काराच्या भाषणाला कामी येईल.

अमिनो ॲसिड म्हणजे मणी. मणी ओवले की साखळी, तिला म्हणायचं पॉलिपेप्टाइड. ही साखळी कधीकधी बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी वळते, ते हेलिक्स. हे वळण टिकणार की सुटणार, ते मण्यांवर अवलंबून. अलॅनिन सगळ्यात भरवशाचं. लहान, साधं, कुणाच्या अध्यात ना मध्यात, वळण धरून ठेवतं. व्हॅलिनला वळणात अवघडल्यासारखं होतं. ग्लायसिन इतकं ढिलं की कुठेही झुकतं. आणि प्रोलिन! त्याची शेपटी त्याच्याच अंगात अडकलेली. ते मध्ये शिरलं की वळण तुटलंच.

माणसांतही हेच. ज्ञानेश्वरी ग्लायसिन. रविराज प्रोलिन. मी अलॅनिन, हे सांगायला नकोच.

३ ऑगस्ट.
आमच्याकडे एंजेला त्रिभुवन नावाची मुलगी आहे. एम.एस्सी., तासावर पगार मिळणारी हंगामी प्राध्यापक. तिला किती तास द्यायचे ते विभागप्रमुख ठरवतो, म्हणजे मी. त्यामुळे माझ्या संशोधनात तिला आपोआप गोडी निर्माण झाली. दोन वर्षं तिने सोळा मण्यांच्या साखळ्या केल्या. बहुतेक मणी अलॅनिन, अधूनमधून लायसिन, आणि मधल्या एका जागेवर दर वेळी वेगळा मणी बसवायचा. मग त्या पुण्याला नेऊन मशीनवर बघायच्या. मशीन प्रकाश सोडून रेघ काढतं. रेघेला दोन खड्डे पडले की हेलिक्स आहे. ती बसने जायची, बसने यायची. देखरेख माझी.

सगळे आलेख तयार आहेत. म्हणजे प्रबंध झाल्यातच जमा.

१८ ऑगस्ट.
गाईड सर म्हणतात, हे सगळं तीस वर्षांपूर्वी लोकांनी करून ठेवलंय. एखादं प्रकरण म्हणून ठीक आहे, पण तुमचं नवीन काय?

जेवण गेलं नाही. म्हणजे रात्रीचं. दुपारचं झालं होतं.

२ सप्टेंबर.
सापडलं!! दाढी करताना सापडलं. अलॅनिन एवढं पक्कं आहे तर मध्ये लायसिन घालायचंच कशाला? सोळाच्या सोळा मणी अलॅनिन! कुणाची भेसळ नाही, कुणाचा टेकू नाही. आजवर कुणाला सुचलं नाही याचं नवल वाटतं. पण मोठ्या गोष्टी साध्याच असतात. नाव: आढाव सिद्धान्त. बिभीषण सिद्धान्त बरा दिसत नाही.

प्रबंधाच्या नावात 'जलीय माध्यमात' हे आधीपासून आहेच. शोभून दिसेल.

४ सप्टेंबर.
एंजेलाला सिद्धान्त सांगितला. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "सर, लोकांना सुचलं असणार, पण ते पाण्यात विरघळत नाही." लायसिनवर म्हणे विद्युतभार असतो, त्याला पाणी आवडतं, ते सगळ्या साखळीला पाण्यात धरून ठेवतं. ते काढलं की साखळ्या एकमेकींना चिकटून गोळा होतात. मी म्हणालो, प्रयोग न करता निष्कर्ष काढणं हे विज्ञान नाही. ती म्हणाली, "सर, प्रयोग झालेत. पेपर दाखवू का?"

पेपर बघितला नाही. वाचून मन पूर्वग्रहदूषित होतं.

नुसत्या अलॅनिनच्या तयार साखळीची ऑर्डर दिली. चांगली जास्त मागवली. पुढे लोक मागतील.

११ ऑक्टोबर.
विश्वासघात. मी कँटीनमध्ये असताना गाईड सरांनी लॅबमध्ये फोन केला आणि तो एंजेलाने उचलला. सरांनी विचारलं, काय चाललंय? तिने सांगून टाकलं, काय चाललंय ते! सर मला म्हणाले, ती पोरगी म्हणतेय ते खरं असेल तर जरा बघा. मी म्हणालो, सर, हल्लीच्या पोरी घाबरट. वरून शांत होतो. आतून नव्हतो.

साखळीत एक मणी चुकीचा बसला की काय होतं हे मला कुणी शिकवायला नको.

६ नोव्हेंबर.
दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक लावलं. एंजेलाला तास: शून्य. सूडबुद्धी अजिबात नाही. उलट तिला सेट-नेटच्या अभ्यासाला वेळ मिळावा हा हेतू. वेळापत्रक बोर्डावर लागलं तेव्हा ती त्यासमोर बराच वेळ उभी होती. मी मागून गेलो, म्हणालो, काळजी करू नकोस, देव एक दार बंद करतो. पुढचं वाक्य आठवलं नाही. ती म्हणाली, "सर, घर माझ्यावर चालतं." सांगायची एक पद्धत असते. कॉरिडॉरमध्ये सांगतात का?

२१ नोव्हेंबर.
एंजेलाचे वडील आले. योहान त्रिभुवन, शाळेत चित्रकला शिकवायचे, आता डोळे गेलेत. मी कामात होतो (शब्दकोडं), त्यामुळे त्यांना बाहेर स्टुलावर बसवलं. अकरापासून सव्वादोनपर्यंत. आत आले ते हात जोडूनच. म्हणाले, "सर, पोरगी लई कष्टाळू हाय. तिचं काय चुकलं आसंल तर मी माफी मागतो. तास तेवढं काढू नका." मी विचारलं, तिने पाठवलं का? तर म्हणाले, "न्हाई सर, तिला ठाऊक झालं तर ती माझ्याशी बोलायची न्हाई."

हा हट्टीपणा असा घरातूनच येतो. त्यांना अर्धा चहा दिला. जाताना दार समजून कपाटाकडे वळले. मी आवाज देऊन सांगितलं, दार डावीकडे. माणुसकी सोडू नये.

२८ नोव्हेंबर.
पेप्टाइड आलं. पांढरं, हलकं. बाटली उन्हात धरून पाहिली. आत मीच आहे असं वाटलं.

२९ नोव्हेंबर.
पाण्यात टाकलं. विरघळलं नाही. हळूहळू विरघळणाऱ्या वस्तू पक्क्या असतात.

१ डिसेंबर.
अजून नाही. ताकावर लोण्याच्या कण्या याव्यात तसं वर दिसतंय. गरम पाण्यात ठेवलं. हलवलं. ज्ञानेश्वरीला मिक्सरचं छोटं भांडं मागितलं. ती म्हणाली, त्यात लसणाची चटणी होते, तुमच्या शोधाला वास लागेल.

संसारात विज्ञानाला जागा नाही.

३ डिसेंबर, रविवार.
कल्पना: लॅबमधल्या हलवायच्या यंत्रापेक्षा आपला नेवासा रोड बरा. बाटली स्प्लेंडरच्या कॅरियरला रबराने घट्ट बांधली. श्रीरामपूर ते नेवासा फाटा आणि परत, एकही खड्डा चुकवला नाही. येताना दोनदा जास्तीचे घेतले.

पेप्टाइड जसंच्या तसं. माझा मणका मात्र सरकला असावा.

४ डिसेंबर.
अंथरुणात. विद्यार्थ्यांना ही गोष्ट कधी सांगेन तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

९ डिसेंबर.
विरघळलं!!! एंजेलाच्या जुन्या कपाटात टीएफई नावाच्या द्रवाची बाटली होती. त्यात टाकलं, जरा गरम केलं, आणि नितळ झालं. बाटलीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'फक्त तुलनेसाठी. यात कोणतीही साखळी वळते.' चिठ्ठी काढून टाकली. गबाळी दिसत होती.

१३ डिसेंबर. पुणे.
मशीनवर रेघ आली. दोन खड्डे, खोल, देखणे. ऑपरेटर म्हणाला, एवढं हेलिक्स मी क्वचितच बघितलंय. मग त्याने विचारलं, द्रावक कोणता? मी म्हणालो, बसची वेळ झाली.

१६ डिसेंबर.
सद्सद्विवेकबुद्धीशी चर्चा केली. हेलिक्स आहे, हे सत्य. पाण्यात आहे की टीएफईमध्ये, हा तपशील. शिवाय टीएफईही पाण्यासारखंच दिसतं. प्रबंधात पाणी लिहिलं.

ज्ञानेश्वरी टाइप करताना थांबली. म्हणाली, अहो, ते पाण्यात होत नव्हतं ना? गाडीला बांधून नेलं होतं ना तुम्ही? मी म्हणालो, आता होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि टाइप केलं. ग्लायसिन!

संध्याकाळी फोनवर गाईड सरांनीही तेच विचारलं. नक्की पाण्यात ना? नक्की, म्हणालो. दुसऱ्यांदा सोपं जातं.

२५ डिसेंबर.
योहानबाबांनी कुणाच्या तरी हाती केक पाठवला. म्हणजे त्या घरात माझ्याबद्दल राग नाही. पूर्ण खाल्ला. मन मोठं ठेवावं माणसाने. ज्ञानेश्वरीने तुकडासुद्धा तोंडात घातला नाही, म्हणाली, माझ्याच्याने गिळवणार नाही. तिला गोड सोसत नाही हल्ली.

२९ डिसेंबर.
प्रबंध सादर! मुदतीच्या दोन दिवस आधी. तिसरं प्रकरण एंजेलाच्या साखळ्यांचं. ऋणनिर्देशात आई, वडील, गाईड सर, ग्रामदैवत, बायको. एंजेलाचं नाव घालणार होतो, पण पान भरलं.

१४ मार्च २०२४.
विद्यापीठाकडून काही नाही. पाचला उठण्याचा निश्चय जूनपासून.

२ ऑगस्ट २०२४.
तोंडी परीक्षा २२ ऑगस्टला! पुण्यात. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. आमच्याकडे त्याचा अर्थ सरळ आहे. जावयाला डॉक्टर होताना बघायला सासरवाडी जाणार. सोनईहून क्रूझर ठरवली. हार, शाल, पेढे, आणि फेटे बांधणारा बरोबर. पुण्यात ऐन वेळी फेटेवाले भाव खातात.

सोनईच्या चौकात फ्लेक्सही सांगून ठेवला. माझा कोट घातलेला फोटो, खाली 'डॉ. बिभीषण आढाव', त्याखाली 'शुभेच्छुक' म्हणून सासरचे सगळे. रविराजचा फोटो शेवटच्या ओळीत, स्टॅम्पाएवढा. ज्ञानेश्वरी म्हणाली, आधी परीक्षा तर होऊ द्या. मी म्हणालो, लग्नाची पत्रिका लग्नानंतर छापतात का?

२० ऑगस्ट.
सरावाला ज्ञानेश्वरीला परीक्षक केलं. तिने पहिलाच प्रश्न विचारला, पाण्यात होतं का? सराव थांबवला.

उरलेलं पेप्टाइड बाटलीत भरून घेतलं. टेबलावर ठेवायला. सासरच्यांना आकडे कळणार नाहीत, पण वस्तू दिसली पाहिजे.

२२ ऑगस्ट. पुण्याहून परतताना, क्रूझरमध्ये.
अक्षर हलतंय. रस्त्यामुळे.

सकाळी सगळे वेळेवर. फेटेवाल्याला संध्याकाळी दुसरं लग्न होतं, म्हणून त्याने जातानाच सगळ्यांना फेटे बांधले. माझाही बांधला होता, गाईड सरांनी काढायला लावला. हॉलमध्ये दोन ओळी गुलाबी फेटे. सासूबाई पहिल्या ओळीत, मांडीवर हार.

बाहेरच्या परीक्षक बाई हैदराबादहून आलेल्या, पण मूळच्या साताऱ्याच्या. बारीक, हळू बोलणाऱ्या. मी वीस मिनिटं बोललो, छान बोललो. 'माणसासारखाच मणीही स्वतःच्या पायावर उभा राहतो' या वाक्याला टाळ्या पडल्या. (रविराजनेसुद्धा वाजवल्या.) बाईंनी विचारलं, हे पाण्यात केलंत? मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, आश्चर्य आहे. मग त्यांची नजर बाटलीवर गेली. हेच का ते? मी म्हणालो, हेच. सासरच्यांकडे वळून बाटली वर धरलीसुद्धा.

बाईंनी आपल्या पुढ्यातला पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "टाका."

मी म्हणालो, मॅडम, हे फार मौल्यवान आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

टाकलं. गोळे तरंगले. बाईंनी पेनाच्या मागच्या टोकाने ढवळलं. गोळे ग्लासाच्या कडेने गोल फिरले आणि परत मधोमध येऊन एकमेकांना चिकटले. मग रविराज उभा राहिला. मदतीच्या स्वरात म्हणाला, "जरा कोमट करून बघा की. आमच्याकडं गाईची कॅल्शियमची पावडर आशीच बसती." परीक्षक बाईसुद्धा हसल्या. आणि त्या हशात सासूबाईंचा आवाज, सगळ्यांना ऐकू येईल एवढा: "मास्तर, इरघळंना व्हय?"

बाई म्हणाल्या, मध्येमध्ये लायसिन ठेवलं असतं तर विरघळलं असतं, हे एम.एस्सी.ची मुलंसुद्धा सांगतील. मग तुमची रेघ कशात काढलीत? मला खोकला आला. खोकला संपेपर्यंत त्या थांबल्या. मी सांगितलं. टीएफई. गाईड सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

बाई पानं मागे उलटत तिसऱ्या प्रकरणाशी थांबल्या. म्हणाल्या, हे आलेख मात्र सुरेख आहेत. जुनं काम आहे, पण हात फार स्वच्छ आहे. कुणी काढले? मी म्हणालो, मी. गाईड सर म्हणाले, एंजेला त्रिभुवन म्हणून मुलगी आहे, श्रीरामपूरची, तिने. बाईंनी नाव लिहून घेतलं. माझं नाव त्यांनी पूर्ण वेळात एकदाही लिहिलं नव्हतं.

निकाल: शिफारस नाही. पाण्यातलं काम नव्याने करून ३१ जानेवारीच्या आत परत सादर करा. शेवटची संधी.

क्रूझरमध्ये पेढे वाटले. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही. फेटे अजून सगळ्यांच्या डोक्यावर आहेत, काढायचं कुणाला सुचत नाही. ज्ञानेश्वरी खिडकीकडे बघतेय. सासूबाई झोपल्यात. झोपेत हसल्यासारख्या वाटतात.

२३ ऑगस्ट.
शांतपणे विचार केल्यावर कारण सापडलं. पुण्याचं पाणी जड आहे.

२४ ऑगस्ट.
श्रीरामपूरच्या पाण्यात टाकून बघितलं. आपलंही जडच दिसतं.

२६ ऑगस्ट.
फ्लेक्सवाल्याला तेवढं सांगायचं राहिलं. चौकात परवापासून लागलाय. रविराजने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "अभिनंदन, डाक्टर." उत्तर दिलं: धन्यवाद. दुसरं काय लिहिणार?

२ सप्टेंबर.
निश्चय. पाण्यातलं काम करायचं, लायसिन घालून करायचं. मोठा माणूस मत बदलायला लाजत नाही. नवी साखळी: अलॅनिन, अलॅनिन, अलॅनिन, मग लायसिन, परत अलॅनिन. लायसिनच्या नेमक्या जागा मी स्वतः ठरवल्या. दोन दिवस लागले, पण एकदा बसवल्यावर अशा वाटल्या की जणू आधीपासूनच तिथे होत्या. संशोधनात याला अंतःप्रेरणा म्हणतात.

हाताखाली एंजेलाला घ्यायचं. तास परत देऊ म्हटलं की पळत येईल.

५ सप्टेंबर.
स्वतः त्यांच्या घरी गेलो, मिशन कंपाउंडच्या मागे. शिक्षक दिनालाच, म्हणजे तिलाही बरं वाटावं. योहानबाबा ओट्यावर होते. आवाजावरून ओळखलं. उठले नाहीत. म्हणाले, "एंजेला पुण्याला गेली सर. तुमचे गाईड सर हायेत ना, त्यांनीच बोलावून घेतलं. पीएचडीला." मी म्हणालो, वा, माझ्यामुळे ओळख झाली. ते म्हणाले, "व्हय. तुमच्यामुळंच." मग बसा म्हणाले नाहीत. डोळे नसलेल्या माणसांना वेळेचं भान राहत नाही.

चांगलं झालं. पुण्यात आपलं माणूस असलेलं बरं.

१९ नोव्हेंबर.
नवी साखळी आली. पाण्यात टाकली.

विरघळली. बघता बघता. हलवावंसुद्धा लागलं नाही.

ज्ञानेश्वरीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, छान. मग म्हणाली, एंजेला पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती ना? मी म्हणालो, तिचा अंदाज होता. हा पुरावा आहे. तिने पदराला हात पुसले. म्हणाली, त्या मुलीच्या बापाला तुम्ही स्टुलावर बसवलं होतं ते मला त्यांच्या शेजारणीने सांगितलं, आणि तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. विषय काय, बोलते काय!

१६ जानेवारी २०२५, गुरुवार. पुणे. स्वारगेटला, बस लागायची आहे.
क्रमाने लिहितो.

सकाळी दहाला गाईड सरांच्या लॅबमध्ये पोचलो. मशीन एंजेलाच्या ताब्यात. पांढरा कोट, केस बांधलेले. मला बघून उभी राहिली. अजून उभी राहते, हे नोंदवण्यासारखं. म्हणाली, सर, आज एम.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल आहे, मशीन दिवसभर त्यांनाच आहे, तुम्ही त्यांच्याबरोबर बसलात तर तुमचं सँपलही होऊन जाईल. बसलो. तिने सगळ्यांना निरीक्षणं लिहायला एकेक कोरा कागद दिला, मलाही दिला. शेजारी एक मुलगा, दाढी नुकतीच फुटलेली. त्याने मला विचारलं, काका, तुमचा रोल नंबर?

माझी पाळी आली. सँपलची नळी मीच लावली. रेघ खाली गेली, खड्डा, वर आली, परत खड्डा. पाण्यात! नितळ, स्वच्छ पाण्यात! माझे डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू? मुलांनी टाळ्या वाजवल्या असत्या, पण त्यांच्याही रेघा तशाच आल्या होत्या.

आलेख घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेलो. एंजेलाला सरांनी बोलावून घेतलं. मी म्हणालो, सर, हे नवीन प्रकरण. सरांनी आलेख बघितला, साखळी वाचली, आणि तिच्याकडे दिला. तिने वाचला. सर म्हणाले, सांग त्यांना. ती म्हणाली, "सर, ही तीच साखळी आहे. श्रीरामपूरला मी आधी केलेली. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात पहिल्याच पानावर आहे." मग अगदी हळू: "आज मुलांना प्रॅक्टिकलला पण हीच दिली होती."

मी म्हणालो, जागा मी स्वतः ठरवल्या होत्या. सर म्हणाले, आढाव, तुम्ही तुमचा प्रबंध वाचलाय का?

मग सरच म्हणाले, आता पुरे करू या. नोंदणी संपेल तेव्हा संपू दे, ती रद्द करा म्हणून मी पत्र वगैरे काही लिहीत नाही. रागावून म्हणाले असते तर काहीतरी बोलता आलं असतं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणजे डॉक्टर नाही. आता नाही, नंतरही नाही.

बॅग लॅबमध्ये राहिली होती म्हणून परत गेलो. एंजेला मुलांचे कागद तपासत होती. मी निरीक्षणं लिहिलेला कागदही त्याच गठ्ठ्यात गेला होता. त्यावर तिने सवयीने गुण दिले होते. दहापैकी सहा. मला बघितल्यावर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, सॉरी सर, लक्षातच आलं नाही, खोडते. मी म्हणालो, खोडू नकोस. शेजारच्या मुलाचे बघितले. त्याला साडेसहा होते.

मी अर्धा गुण वाढवून मागितला. तिने दिला.